नाकतोड्याला पंख फुटेपर्यंत

चाकणच्या पुढे, एका कंपनीच्या भिंतीला लागून गवराबाईचा दीडेक एकर माळ आहे. आजूबाजूचे माळ केव्हाच गेले. हा तिने हट्टाने राखला, तो चंद्रीसाठी. चंद्री म्हणजे गोठ्यातली शेवटची गाय. मुलगा गोरक्ष म्हणायचा, "आई, दूध पिशवीतलं घेऊ की." गवराबाई त्याच्याकडे असं काही बघायची, की तो मुकाट शिफ्टला निघून जायचा. नवरा गेल्यापासून ती मन मोकळं करायची ते एका चंद्रीजवळच. माणसं मध्येच सल्ले देतात, गाय देत नाही.

माळावर कुसळी गवत. कोवळं असलं तर गाय मटकावते, पण कुसळं धरली की तेच गवत सुया टोचाव्यात तसं जिभेत, टाळ्यात रुततं. त्यामुळे विळा वेळेवर लागला पाहिजे. ती वेळ सासूने तिला शिकवली होती. पावसाळ्यात गवतात बिनपंखी नाकतोडे नुसत्या उड्या मारतात. त्यातला पहिला पंख फुटून फडफडत उडाला, की दुसऱ्या दिवशी कापणी. पहिल्या पेंढीला हळदकुंकू लावून ती माळावरच सोडायची, नाकतोड्याच्या वाट्याची म्हणून. सासूच्या हयातीत हे कधी चुकलं नाही, नंतरही नाही.

गेल्या वर्षी मात्र नाकतोडाच दिसेना. हल्ली उन्हाळा होळीपर्यंतसुद्धा थांबत नाही, माळ भाजून निघतो, आणि पाऊस झाला तरी उकाडा हटत नाही. गवराबाई रोज सकाळी गवतात पाय घाशीत हिंडायची. एरवी पावलागणिक चार-चार उसळायचे, आता एक नाही.

"आई, घटस्थापना झाली. काप आता," गोरक्ष म्हणाला.

"तुझ्या कंपनीचा भोंगा वाजला म्हणून गवत पिकत न्हाई. त्यो आला न्हाई अजून."

"न्हाई आला तर?"

"न्हाई कसा येणार? कुठं जातोय?"

आता हा अडाणीपणा म्हणा हवं तर. मला तसं म्हणवत नाही. ज्याने जन्मभर दगा दिला नाही, त्याच्यावर माणूस विश्वास ठेवणार नाही तर कोणावर ठेवणार?

दसरा गेला. एका सकाळी तिचं लुगडं कुसळांनी भरलं, तेव्हा वेळ टळल्याचं तिला कळलं. तिने घाईघाईने कापलं, पेंढ्या दगडावर आपटून आपटून झाडल्या, आणि घाबरत घाबरत चंद्रीपुढे टाकल्या. आठवड्याभरात चंद्रीचा जबडा सुजला. लाळ गळू लागली. डॉक्टरांनी चिमट्याने कुसळं काढली, पण काही खोल घशात गेली होती. चंद्रीने वैरणीला तोंड लावणं सोडलं, मग पाण्यालाही. गवराबाई तिच्या गळ्याला हात लावून बसून राहायची. दिवाळीच्या तोंडावर गोठा रिकामा झाला.

भाऊबीजेला लेकीचा, पुनमचा, फोन आला. पुनम वर भीमाशंकरच्या अंगाला दिलेली. तिकडे अजून गारवा टिकून आहे. चंद्रीचं ऐकून ती रडली. मग आईचं मन दुसरीकडे वळावं म्हणून म्हणाली, "आई, आमच्याकडं यंदा नवलच झालं बघ. तुझ्या माळावरचे ते नाकतोडे हितं आलेत. कवा नव्हते आमच्यात. हितले गुरुजी म्हनले, खाली लय तापाय लागलं म्हनून ते वर सरकलेत."

गवराबाईने एवढंच विचारलं, "पंख फुटलेत?"

"कवाच. घट बसायच्या आधीच अंगणात उडत हुते."

"मग मला सांगितलं का न्हाईस गं?"

"मला काय ठावं आई, तुझ्याकडं ते आलेच न्हाईत नि तू त्यांची वाट बघतीयास."

गवराबाईने फोन गोरक्षच्या हातात दिला. गोठ्याच्या आढ्याला खोवलेला विळा काढला, बाहेर नेला, आणि भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या पत्र्यांवर टाकून आली.