मेसमागची कोल्हीण

सोमनाथ वाडेकर आखातातल्या मुसफ्फ्यात आमच्या कंपनीच्या कॅम्पमध्ये आचारी होता. मूळचा संगमेश्वरचा. आमटी बेताची, बोलणं मात्र चमचमीत. २००९ साली बांधकामं थांबली, निम्मे कामगार घरी गेले आणि दोन आचाऱ्यांपैकी एकालाच ठेवायचं ठरलं. दुसरा कमरुद्दीन. त्याच्या बिर्याणीपुढे सोमनाथची नोकरी टिकणं कठीणच होतं.

निर्णय कॅम्पप्रमुख लियूसाहेबांच्या हाती. चिनी माणूस, पण बरीच वर्षं इथे काढल्याने हिंदी बोलायचे. जेवताना ते त्यांच्याकडच्या जुन्या गोष्टी सांगत. कोल्हीण शंभर वर्षं जगली की माणसाचं रूप घेते, हजार वर्षांनी तिला नऊ शेपट्या फुटतात. तिला खाऊ घातलं तर घराची भरभराट, हाकललं तर वाटोळं. सोमनाथ वाढता वाढता ऐकत असे.

मेसमागच्या वाळूत एक खरीखुरी कोल्हीण फिरायची. एके दिवशी सोमनाथने जाहीर केलं, "साब, वो सिर्फ मेरे हाथ का अंडा खाती है."

कमरुद्दीन उसळला. "हबीबी, लोमड़ी क्या तेरा हाथ पहचानती है?"

लियूसाहेबांनी परीक्षाच ठेवली. सूर्य मावळून मगरीबची अजान झाल्यावर आम्ही मागच्या दाराशी जमलो. मी अकाउंट्सचा, म्हणून साक्षीला. कमरुद्दीनने अंडं ठेवलं. झुडपाआड दोन कान हलले, बस्स. मग सोमनाथने ठेवलं. बाईसाहेब सरळ आल्या आणि अंडं उचलून चालत्या झाल्या.

"खलास!" लियूसाहेब म्हणाले. सोमनाथ राहिला.

अभिनंदनाला हात मिळवला, तर माझ्या हाताला वास!

"सुका बांगडा, साहेब," तो कुजबुजला. "आईने पाठवलेला. आठवडाभर चाखवतोय तिला."

कमरुद्दीनला लगेच दुबईत जास्त पगाराची नोकरी लागली, म्हणून मला हे हसत लिहिता येतंय. कोल्हिणीचं रोजचं अंडं मी सुरक्षा खर्चात घातलं. ऑडिटरने कधी विचारलं नाही.

पुढे लियूसाहेब मायदेशी निघाले. निरोप घेताना त्यांनी सोमनाथचा हात नाकाशी नेला.

"उस दिन भी यही वास था."

सोमनाथचा चेहरा पडला. "मालूम था, साब? फिर निकाला क्यों नहीं?"

"लोमड़ी आदमी बनके आता है. उसको निकालेगा तो घर बरबाद!"

सोमनाथने हळूच स्वतःच्या मागे चाचपून पाहिलं. "पर साब, दुम?"

"आएगा, आएगा. अभी टाइम है."