हारानं ब्रेक लागत नाय, भावोजी

शालूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. पाठीवर आडवा, तोंडात टॉर्च आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. फोन वाजत राहिला आणि मी तो वाजू दिला, कारण "हात पुसल्याबिगर कशाला शिवायचं नाय भावोजी, फोनला बी नाय आनि बायकोला बी नाय," हा त्यांचाच नियम. हात पुसेपर्यंत फोन थांबला, मग पुन्हा वाजला. पलीकडे रघुनाथ होता, माझा शाळेपासूनचा मित्र आणि वहिनींचा नवरा. "मध्या, शालू गेली रं..." एवढंच बोलला. रात्री जेवून झोपल्या, त्या सकाळी उठल्याच नाहीत. मी दहिवलीच्या माझ्या अंगणात, जॅकवर चढवलेल्या गाडीशेजारी उभा, आणि मनात पहिला विचार काय यावा? की मागच्या चाकाचा तो नट किती आवळायचा, हे आता कोणाला विचारू? अशा बातमीला असलं काही सुचणारा माणूस कोणत्या लायकीचा असेल, ते पुढे वाचालच.

रघूचं गॅरेज कुंभिवलीला, हायवेला लागून. ट्रॅक्टर, टेंपो, अधूनमधून एखादा दमलेला ट्रक. वीसेक वर्षांपूर्वी रघूच्या पाठीचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्याला वाकायचं नाही म्हणून सांगितलं. न वाकणारा मिस्त्री काय कामाचा? तोवर वहिनी पाने-पक्कड हातात द्यायच्या. त्या दिवसापासून पाने त्यांनी धरले आणि हातात द्यायला रघू बसला. ड्रायव्हर लोक आधी हसले. मग वहिनींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, "तिसरा सिलिंडर खोकतोय," असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा हसायचे थांबले. त्यांची एक रीत होती. काढलेला जुना पार्ट त्या कधी फेकायच्या नाहीत. गाडी न्यायला आलेल्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा घ्या तुमचा आळस. घरी न्या, देव्हाऱ्यात ठेवा." भले भले मिशीवाले घासलेला बेअरिंग खिशात घालून मान खाली घालून जाताना मी पाहिलेत.

आता माझी गाडी. मी कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तीस वर्षं मेंटेनन्सचे सुटे भाग दुसऱ्यांना मोजून दिले, त्यामुळे मेंटेनन्स ही दुसऱ्यांनी करायची गोष्ट आहे अशी माझी प्रामाणिक समजूत. रिटायर झालो आणि कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवाल्या साहेबांनी परदेशी जाताना त्यांची जुनी स्पोर्ट्स कार माझ्या गळ्यात मारली. लाल, दोन सीटची, जमिनीला टेकलेली; बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखे दिवे वर येतात. वय माझ्या मुलाएवढं. मंदा, माझी बायको, म्हणाली, "अहो, यात बसायचं की लोळायचं?" वहिनींनी मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, "म्हातारी हाय, पन जातीची हाय. हिला टायमावर तेलपानी द्या. हिचं दुर्लक्ष केलंत ना, तर ही रुसायची नाय... मारायची."

मी काय केलं? दसऱ्याला पूजा केली. साग्रसंगीत. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ आणि पुढच्या जाळीवर कोपऱ्याकोपऱ्यात खोचलेला चार हातांचा झेंडूचा हार. तशीच घेऊन सासुरवाडीला कडावला निघालो, मिरवायला. वाटेत बॉनेटमधून धूर यायला लागला तेव्हा मंदाला म्हणालो, "बघ, अजून धूप दरवळतोय." तो धूप नव्हता. हारानं रेडिएटरची हवा बंद केली होती आणि कूलंट तर मी साहेबांच्या काळापासून बदललंच नव्हतं. कडावच्या वेशीवर, सासरच्या झाडून सगळ्या माणसांसमोर, गाडीनं गरम पाण्याचं कारंजं उडवलं. मेव्हण्याच्या टेंपोला बांधून ती कुंभिवलीला आणली. वहिनींनी जाळीतून शिजलेला झेंडू उपसून माझ्या ओंजळीत ठेवला. "निस्त्या हारानं बाईमानूस बी खूश होत नाय, ही तर गाडी हाय. आनि ऐका, हारानं ब्रेक लागत नाय, भावोजी. ब्रेकचं ऑइल काळं पडलंय. आपल्या हवेत ते पानी पितं. घाटात तापलं की त्या पान्याची वाफ होते आनि पाय दाबाल तर पायाखाली निस्ती वाफ. पुढच्या चाकाचा होज, ब्रेकची ती रबरी नळी, बी तडकलाय. गाडी सोडून जा दोन दिस." मी म्हणालो, सोडतो. सण होता, मग पाहुणे होते, मग लग्नसराई होती. गाडी चालत होती ना! चालणाऱ्या गोष्टीला हात लावू नये, हे आमचं स्टोअरमधलं तत्त्वज्ञान.

आणि आता जे लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मंदालाही हे छापून आल्यावरच कळेल, तेव्हा त्या दिवशी मी घरी नसेन. पुढच्या हिवाळ्यात वहिनी एकदा म्हणाल्या, "इतक्या गाड्या उघडल्या, पन असल्या गाडीत कधी बसले नाय. एकदा घाट दाखवा की." मग डोळे बारीक करून विचारलं, "ब्रेकचं केलंत ना?" मी म्हणालो, "केलं की. खोपोलीत करून घेतलं." खोटं. धडधडीत, बिनकामाचं खोटं. आळशी म्हणवून घ्यायची लाज वाटली, बाकी काही नाही. आणि आयुष्यात कोणत्याही गिऱ्हाईकाच्या शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या बाईनं माझ्या शब्दावर ठेवला, बॉनेट न उघडता बसली.

वर जाताना काय खुशीत होत्या! पदर डोक्याला घट्ट बांधलेला, काच खाली, ओव्हरटेक केलेल्या प्रत्येक ट्रकला ओळखीचा असल्यासारखा हात. घाटमाथ्यावर चहा प्यायलो आणि उतरायला लागलो. मी ऐटीत, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत. तिसऱ्या की चौथ्या वळणाला पाय दाबला आणि तो नुसता खाली गेला... भातखाचरात जातो तसा. "वहिनी, ब्रेक..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. सगळं कळलं त्यांना. "खोटं नंतर बोलू. आदी दुसरा गिअर टाका. हँडब्रेक हळू... हळू वढा, झटका नाय." रस्त्याच्या कडेला कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडी घुसली आणि थांबली. मला खरचटलंही नाही. डॅशबोर्डला टेकवलेलं त्यांचं उजवं मनगट मोडलं. डाव्या हातानं त्यांनी बॉनेट उघडलं, ब्रेकच्या डबीतलं चहाच्या चोथ्यासारखं ऑइल पाहिलं आणि बॉनेट परत लावलं. रघूला सांगितलं, "जुनी गाडी, फेल झाली. माजंच चुकलं, बघून बसाया पायजे होतं." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही. पुढे तडकलेला होज काढला तेव्हा तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, पण त्या वेळी "हा घ्या तुमचा आळस" म्हणाल्या नाहीत. त्या होजसकट ते न म्हणणं अजून माझ्या घरात किल्ल्यांच्या खिळ्याला लटकलंय.

त्या मनगटात पूर्वीची ताकद परत आली नाही. आवळलेला नट सुटेना. मग एक दिवस बोलावून म्हणाल्या, "माजा हात गेला, आता तुमचे लावा. आनि यापुढं केलं म्हनून सांगायचं नाय. दाखवायचं." अशी साठीनंतर माझी उमेदवारी सुरू झाली. त्या उलट्या ठेवलेल्या ड्रमवर बसायच्या, मी खाली लोळायचो. "डावीकडं... आवो तुमचं डावं, माजं नाय! कारखान्यात काय झोपा काढल्या?" ब्रेकमधली हवा काढायचं काम दोघांचं असतं. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी नट सोडून जुनं तेल आणि बुडबुडे बाटलीत घ्यायचे, नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. त्या सीटवर असायच्या आणि वरून सांगत राहायच्या. "दाबलंय..." "सोडलं." "दाबलंय..." असं ते तासभर चालायचं, ठेका धरल्यासारखं. बॉनेटच्या आत त्यांनी चिकटपट्टी लावली आहे. तारीखवार भानगड नाही, आमचं कॅलेंडरच त्यांचं: 'भात लावून झालं की कूलंट. शिमग्याला इंजिनाचे पट्टे. दर दुसऱ्या दसऱ्याआदी ब्रेक ऑइल.'

दहाव्याला आम्ही नदीवर होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. रघू म्हणाला, गॅरेज चालू ठेवतो. नाही. भावकीतले एक म्हातारे पुढे झाले, म्हणाले, "जीव त्या लाल गाडीत अडकलाय. पनवती हाय ती, आदी हात मोडला, मग मानूस नेलं. भंगारात घालतो म्हना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे झालो आणि मनात म्हणालो, वहिनी, गाडी भंगारात जाणार नाही, तिचं सगळं वेळेवर करीन. कावळा झाडावर बसून पंख साफ करत राहिला. बरोबरच आहे. माझ्या शब्दावर एकदा विश्वास ठेवून बाईनं मनगट घालवलं होतं. दुसऱ्यांदा कशाला ठेवेल? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. निघताना रघू माझ्याकडे न बघता म्हणाला, "मध्या, ती गाडी माज्या दारात परत आनू नको."

मी आणली. महिना होऊन गेला होता, दसरा आठ दिवसांवर आलेला आणि हा ब्रेक ऑइलचा दुसरा दसरा. सगळं जग सांगत होतं विकून टाक. मंदा, मुलगा, शेजारीपाजारी, सगळे. नाही विकणार. चूक मी केली, खोटं मी बोललो आणि शिक्षा म्हणून पनवतीचा शिक्का त्या बिचाऱ्या लोखंडावर? वहिनींनी जातीची म्हटलेली गाडी आहे ती. तर गॅरेजच्या दारात गाडी लावली, रघूसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खोपोलीत काही केलं नव्हतं, हे. त्याला माहीत नव्हतं. वहिनी शेवटपर्यंत बोलल्याच नव्हत्या.

रघूनं पहिलं हाताला लागलं ते फेकलं. चौदाचा पाना होता, माझ्या कानाजवळून पत्र्यावर वाजला. मग तो मला जे बोलला ते छापण्यासारखं नाही आणि त्यातला एकही शब्द जास्तीचा नव्हता. मग वहिनींच्या ड्रमवर जाऊन बसला. मी तिथून हललो नाही. हाकललं असतं तरी हललो नसतो. जॅक लावला, चाक काढलं, बाटलीला नळी जोडली आणि गाडीशेजारी आडवा झालो. सीटवर बसायला माणूस नव्हता, हे मी आडवा झाल्यावर लक्षात आलं. असा मी.

दार उघडल्याचा आवाज आला. वीस वर्षं न वाकलेला माणूस, एका हातानं टप धरून, शिव्या देत, कण्हत, त्या जमिनीला टेकलेल्या सीटमध्ये उतरत होता. "ही बसायची जागा हाय का रं?" तो ओरडला. मग पेडलवर पाय ठेवून, "दाबलंय."

मी नट सोडला. काळं तेल आलं, त्यामागून बुडबुडे. नट आवळला आणि वरून रघूचा आवाज आला,

"सोडलं."

"दाबलंय. अजून येतंय का काळं?"

"येतंय."

"मंग उठू नको," रघू म्हणाला. "दाबलंय."