मेलेल्या मुलाचं काम

सहावं रीळ संपून बत्त्या लागल्या तेव्हा माझ्या मांडीवरच्या मुलाचे ओठ जांभळे झाले होते. दीड-दोन वर्षांचा असेल तो. श्वास घेताना त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला जाई आणि शिट्टीसारखा बारीक आवाज येई. त्याची आई माझ्या पायाशी हात जोडून बसली होती. ती मुलाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नऊ वर्षांची होते. अंगावर पिवळा रेशमी कद, डोक्यावर पुठ्ठ्याचा टोप, तोंडाला पांढरा रंग. आणि मला बोलायची मनाई होती.

हे रत्नागिरीच्या मांडवीला, बंदराजवळच्या एका वखारीत घडलं. बोलपट यायला तेव्हा अजून पाच-सहा वर्षं होती. वखारीच्या खिडक्यांना गोणपाट लावून दुपारचा खास बायकांसाठी खेळ ठेवला होता. पडद्यावर जे चाललं होतं त्यात मीच होते, आणि पडद्याच्या बाजूला चौरंगावरही मीच बसले होते.

माझे वडील शिंपी. नाटक मंडळीचे कपडे शिवता शिवता ते कोल्हापूरला सिनेमाच्या कंपनीत लागले. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेलेली, म्हणून मी त्यांच्याबरोबर. आठव्या वर्षी मला विषमज्वर झाला आणि डॉक्टरांनी डोक्याचा गोटा करायला लावला. बरी झाल्यावर मी कारखान्यात चिंध्या गोळा करत होते, तर कंपनीचे साहेब समोर उभे राहिले.

"शिंपी, हा पोरगा कुणाचा?"

"पोरगा नाही साहेब, पोरगी आहे. माझीच."

"आता पोरगाच म्हणायचं. उद्यापासून कामाला आणा."

माझ्या कामाची सुरुवात अशी झाली. पोथीतली एक गोष्ट होती. देव एका राजाची परीक्षा बघतो, त्यात राजाचा मुलगा मरतो, आणि शेवटी देव प्रसन्न होऊन त्याला उठवतो. तो मुलगा मी. मला रडायला येत नसे, हसायलाही बेताचंच. पण मरून पडायला चांगलं येई. साहेब म्हणत, "श्वास छातीत घेऊ नको, पोटात घे, आणि पोट कदाखाली लपव." माझ्या वरच्या ओठावर कापसाची चिमूटभर पुंजकी ठेवत. ती हलली की परत. नवव्यांदा ती हलली नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, "पोरीनं जीव सोडला की काय!" सगळे हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी येऊन माझ्या पायाला चिमटा काढून बघितला.

सिनेमा चालला. एका खेळवाल्यानं तो कोकणात फिरवायला घेतला, आणि मी मूळची रत्नागिरीची हे कळल्यावर त्यानं मलाही मागून घेतलं. खेळाआधीपासून चौरंगावर बसायचं, बायका पाया पडतील, नारळ ठेवतील, आपण गप्प राहायचं. गप्प अशासाठी, की तोंड उघडलं की मुलगी आहे हे कळेल, आणि आमच्या आळीची पोर आहे हेही कळेल. वडील दाराशी उभे राहत. माझी नजर त्यांच्याकडे गेली की ओठावर बोट ठेवत.

मांडवीला आम्ही आत्याकडे उतरलो होतो. आत्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या चोळ्या शिवायची आणि बोलताना कुणाला भीत नसे. माझा टोप बघून म्हणाली, "मेल्यानूं, पोरीचं माकड केलात." पण खेळाला आली. फुकट होता ना. मागे चटईवर पान लावत बसली.

ती बाई खेळ सुरू व्हायच्या आधीच आली. आतल्या एका गावाहून मुलाला पाठुंगळी बांधून चालत आली होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. तिला कुणी सांगितलं होतं की मांडवीला मेलेलं मूल उठून बसलेलं आहे, डोळ्यांनी बघता येतं. तिनं मुलाला माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "देवा, तीन दिस झाले, गिळना झालाय. ह्याला उठव."

मी उठवणारी नव्हते. मी उठलेली होते, तेसुद्धा खोटी. हा फरक त्या वखारीत मला आणि वडिलांना नीट माहीत होता. मी दाराकडे बघितलं. वडिलांचं बोट ओठावर होतं.

बायका गोळा झाल्या. खेळवाला आला. तो दुष्ट माणूस नव्हता, पण वखार भरली होती आणि त्याला ते दिसत होतं. तो म्हणाला, "बाई, मूल शेवटच्या रिळात उठतं. आठव्या. तोवर बसून राहा. देवाच्या मांडीवर आहे, आता घोर कसला?"

ती बसली. बत्त्या गेल्या, पेटी-तबला सुरू झाला, पडद्यावरच्या पाट्या वाचणारा मोठ्यानं वाचू लागला. यंत्र एकच होतं. एक रीळ संपलं की बत्त्या लावून दुसरं चढवायचं. दर वेळी उजेड पडला की मी मुलाकडे बघायची. दुसऱ्या रिळानंतर तो रडत होता, आवाज न येता. चौथ्यानंतर रडायचा थांबला. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, "बघा, निजलो. गुण येतो हाय." पाचव्या रिळात पडद्यावर मी मेले. बायका रडू लागल्या. अंधारात मी त्याच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास अडकत अडकत येत होता. मरताना कसं दिसतं ते मला शिकवलेलं होतं, आणि ते किती खोटं शिकवलं होतं हे मला त्या दुपारी कळलं. मरणारा माणूस श्वास चोरत नाही. तो श्वासासाठी भांडतो.

मला वडिलांची भीती होती. टोप काढून घेतील, कोल्हापूरला परत नेणार नाहीत, पुन्हा चिंध्या गोळा कराव्या लागतील, असंही मनात होतं. ते लपवत नाही. त्यापायी मी सहा रिळं गप्प बसले.

सहाव्यानंतर बोलले. "ह्याला दवाखान्यात ने. मी देव नाय. मी शिंप्याची पोर हाय."

त्या बाईनं काय करावं? तिनं माझे पाय घट्ट धरले. "देवा, माजी परीक्षा बगू नको. मी नाय उठायची. आठवा रीळ होऊ दे."

पोथीत राजाही असंच म्हणतो. तिनं पाट्या नीट ऐकल्या होत्या.

मी रडू लागले. तोंडाचा रंग मुलाच्या अंगावर गळू लागला. तेवढ्यात मागून आत्या बायकांना ढकलत पुढे आली.

"देव कुठचा गो? भाची हाय ती माजी! हिचं हागलेलं धुतलंय मी ह्या हातांनी. हिला ताप आला तेव्हा हिला डॉक्टरनी बरी केलान, देवानं नाय. उठ, बाये, उठ आधी!" तिनं माझा टोप उपटून फेकला. खाली दोन बोटं वाढलेले केस आणि कानात मुलींचे डूल. ते बघून ती बाई उठली.

मूल आत्यानं घेतलं. सरकारी दवाखाना चढावर होता. आत्या पुढे, ती बाई मागे, तिच्या मागे मी कद सावरत. वखारीत पेटी पुन्हा सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. सातवं रीळ लावलं होतं.

चढ संपायच्या आत मुलानं आत्याच्या खांद्यावर जीव सोडला. डॉक्टरांनी त्याच्या घशात बघितलं आणि म्हणाले, "घटसर्प. तासाभरापूर्वी आणलं असतं तर बघितलं असतं." सहा रिळं म्हणजे तास-सव्वा तास होतो.

चौथ्या दिवशी माझा घसा धरला. वडिलांनी मला उचललं आणि पायांत वहाणाही न घालता त्या चढावरून पळत नेलं. डॉक्टरांनी माझ्या गळ्याला खाली भोक पाडून चांदीची नळी बसवली. दोन आठवडे मी त्या नळीतून श्वास घेतला. त्यानंतर वडिलांनी मला आयुष्यात कधी गप्प बस म्हटलं नाही.

कोल्हापूरला परत गेले. गळ्यात मोठी माळ घालून खूण झाकायची आणि काम करायचं. आणखी दोन सिनेमे केले. मेलेल्याचं काम पुन्हा आलं तेव्हा नाही म्हटलं. साहेब रागावले, वडील शिवत राहिले. मग बोलपट आले. मी पंधरा वर्षांची, केस कमरेपर्यंत. साहेबांनी आवाज धरणाऱ्या यंत्रापुढे उभं करून चार ओळी म्हणायला लावल्या.

"सर्दी झालीय का तुला?"

"नाही. आवाजच असा आहे."

"कोंबडा आरवतोय की काय वाटलं. मुकीचं काम निघालं की बोलावतो."

बोलावलं नाही. मी वडिलांबरोबर मांडवीला आले आणि आत्याच्या शिवणयंत्रावर बसले. शिवण मला सिनेमापेक्षा चांगलं आलं.

तीन-चार वर्षांनी ती बाई चोळीचा खण घेऊन दुकानात आली. तिनं मला ओळखलं नव्हतं. मी माप घेतलं, काहीतरी विचारलं, आणि आवाज ऐकून तिनं वर बघितलं. तिनं माझं तोंड न्याहाळलं, ओळखलं, आणि तिची नजर गळ्याच्या खुणेवर थांबली.

"तुला पन झालावता?"

"चौथ्या दिवशी."

"माज्या बाबूचाच."

"हो."

ती खाली चटईवर बसली. मी पाणी दिलं, तिनं ते प्यायलं.

"मग तुला कोनी उठवलान?"

"डॉक्टरांनी."

तिनं मान हलवली. चोळीच्या बाह्या जरा लांब ठेव म्हणाली, शेतात काट्यांनी हात ओरबाडतात. मी लांब ठेवल्या. त्यानंतर दर वर्षी ती माझ्याकडेच चोळी शिवायला यायची. बाबूचं नाव आम्ही दोघींनी पुन्हा काढलं नाही.

घटसर्प आम्हा दोघांना झाला होता. बाबू गेला. मी जगले.