दोन इंच कमीचा ब्लाउज

योगासनांनी वजन उतरतं का, अंग बांधेसूद होतं का, असं मला कुणी विचारलं की मी सरळ उत्तर देत नाही. आधी ब्लाउजची गोष्ट सांगते. ज्यांना ऐकायला वेळ नसेल त्यांनी खुशाल डॉक्टरला विचारावं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या कॉलनीत राहत होतो. नवरा, चार वर्षांचा मुलगा, सासूबाई, लग्नाची नणंद आणि मी, असे पाच जण दोन खोल्यांत. त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. चुलतसासूबाई बदलापूरच्या बेलवलीहून मुद्दाम आल्या होत्या. मी वाकून त्यांना कुंकू लावत होते. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि भर बायकांत विचारलं, "कितवा गं?"

मला कितवाही नव्हता. रोजचा भात जरा अंगी लागला होता, एवढंच. खोलीत वीसेक बायका होत्या आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर. मी तशी तोंडाची फटकळ बाई. रेशनच्या दुकानदाराशी भांडलेली आहे, वेळप्रसंगी नवऱ्याच्या साहेबांनाही दोन शब्द सुनावलेत. पण तेव्हा माझ्या तोंडून 'नाही हो काकू' एवढंसुद्धा बाहेर पडलं नाही. शेवटी सासूबाईंनीच, खात्यापित्या घरची आहे हो, म्हणून वेळ मारून नेली. ते तर मला आणखीच लागलं.

त्या दिवसापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढून घ्यायला लागले. सासूबाई खूश झाल्या. सून उशिरा का होईना वळणावर आली, असं त्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं. वैशाखात नणंदेचं लग्न ठरलं होतं, बदलापूरलाच. त्याच काकू येणार, त्याच सगळ्या बायका येणार. मला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. त्या लग्नात कुणी माझ्या पोटाकडे बघून तोंड उघडता कामा नये.

त्याच सुमारास कॉलनीच्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये पहाटे योगासनांचा वर्ग सुरू झाला. शिकवायला बदलापूरहून एक निवृत्त शिक्षिका यायच्या. साठीच्या, काटक, आवाज मात्र अजून चौथीच्या वर्गाला पुरेल असा. आम्ही नऊजणी होतो. घालायचं काय हाच पहिला प्रश्न. पंजाबी ड्रेस एकीकडेच होता, त्यामुळे ती आपोआप पुढच्या रांगेत. बाकीच्या साडीखाली काही ना काही चढवून यायच्या. मी नवऱ्याची जुनी खाकी पँट घालायचे आणि वर साडी गुंडाळायचे. बाई हलासन करायला सांगायच्या तेव्हा हॉलमध्ये नऊ तऱ्हांचे पँट-लेंगे दिसायचे आणि निम्मा वर्ग हसून आडवा व्हायचा.

शवासन मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी जमलं. इतकं जमलं की बाईंना थोपटून उठवावं लागायचं. कारखान्याचा भोंगा झाला की मात्र आम्ही ताडकन उठायचो, कारण भोंगा म्हणजे नवऱ्याच्या डब्याची वेळ.

आता वजन का उतरलं नाही तेही सांगते. बाई पहाटे उपाशीपोटी निघायच्या. आता दुसऱ्या गावाहून आलेली बाई रिकाम्या पोटी परत कशी पाठवायची? म्हणून रोज एकीनं त्यांच्यासाठी काहीतरी आणायची पाळी लावली. पोहे, सांजा, थालीपीठ. एकट्या बाईंनी कसं खायचं, म्हणून मग सगळ्यांसाठी. उद्याच्या पाळीवालीला आजच्यापेक्षा कमी करून कसं चालेल, म्हणून मग शेंगदाणे, ओलं खोबरं, वर शेव. बाईंचा नियम कडक होता, आसनांनंतर अर्धा तास काही खायचं नाही. आम्ही तो कधीही मोडला नाही. वर्गच अर्धा तास अलीकडे घेतला आणि डब्यांभोवती बसून तो अर्धा तास उद्या काय करायचं ते ठरवलं. महिन्याभरात वजन वाढलं ते फक्त बाईंचं.

माझा मात्र विश्वास दांडगा. वैशाखापर्यंत आपण दोन इंचांनी कमी होणार हे मी ठरवूनच टाकलं होतं. लग्नासाठी आंबा रंगाची जरीकाठी साडी घेतली होती आणि ब्लाउजपीस साडीचंच. म्हणजे त्या कापडाला एकदा कात्री लागली की लागली, दुसरा तुकडा मिळणार नाही. ते घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या आमच्या नेहमीच्या मास्तरांकडे गेले. म्हातारे सिंधी गृहस्थ, गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांनी माप घेतलं. मी म्हटलं, यातून छाती-कमरेत दोन दोन इंच कमी करून शिवा, तोवर मी बारीक होणार आहे.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटी, नाप आज का होता है. कल का नाप कोई देता नहीं."

मी हटून बसले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते बाशिंग मी चोळीला बांधत होते, पण तेव्हा कोण ऐकतंय? ते बरं म्हणाले आणि वहीत माप लिहून घेतलं. त्यांची वही सिंधीत, उजवीकडून डावीकडे चालणारी. आकडेही त्याच लिपीतले. त्यांनी काय लिहिलं ते मला कळणं शक्यच नव्हतं आणि विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

ब्लाउज महिन्याभरात शिवून आला. मी तो घालून पाहिला नाही. नाहीच झाला तर काय, या भीतीनं डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात ठेवून दिला. रोज पहाटे मात्र नेमानं गेले. पाठदुखीचं निमित्त केलं नाही, पाहुण्यांचं केलं नाही. सूर्यनमस्कार तीनाचे बारा झाले. भुजंगासनात आधी हनुवटी तेवढी उचलली जायची, ती मी पुढे छातीपर्यंत उठायला लागले. स्टेशनवर नाणं टाकायच्या, रंगीत दिव्यांच्या काट्यावर वजन केलं, तर तिकिटावर जेमतेम एक किलो कमी आणि मागे भविष्य असं की लवकरच मानसन्मान मिळेल. मी तिकीट पर्समध्ये जपून ठेवलं.

लग्नाच्या सकाळी बदलापूरच्या कार्यालयातल्या बायकांच्या खोलीत मी ब्लाउज पिशवीतून काढला आणि अंगात चढवला. नवरी मुलगी स्वतःचे गजरे सोडून माझे हुक लावायला आली. पहिला लागला. दुसरा लागला. सहाच्या सहा लागले, आणि वर श्वासही घेता येत होता. खरं सांगते, सप्तपदीला मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी येतं, माझ्या त्या सहाव्या हुकालाच आलं.

काकू समोर आल्याच. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, केवढी वाळलीस, घरात सगळं ठीक आहे ना? मी मान ताठ करून सांगितलं, "योगासनं, काकू. दोन इंच." जेवणाच्या पंगतीपर्यंत ही दोन इंचांची बातमी दोन्हीकडच्या वऱ्हाडात पोचली होती. पुढच्या महिन्यात आमच्या वर्गात नवाच्या बावीसजणी झाल्या. बाईंना काही कळेना. मी मात्र येईल तिला ब्लाउजची हकिकत सांगत होते, अगदी हुकांच्या संख्येसकट.

एकच गोष्ट खटकत होती. ब्लाउज पुढून सारखा वर चढायचा. लग्नात मी दिवसभर तो खाली ओढत होते. वाटलं, दोन इंच कमीच्या नादात मास्तरांची पुढची उंची चुकली. आषाढात एके दुपारी तो घेऊन कॅम्प पाचला गेले आणि जरा तावातच तक्रार केली.

मास्तरांनी वही काढली. जानेवारीचं पान शोधलं, बोट ठेवून मला सगळे आकडे वाचून दाखवले आणि मग ब्लाउजवर टेप लावला. तेच आकडे. एक सूतही कमी नाही. त्यांनी माझं खरं माप लिहिलं होतं आणि खऱ्याच मापाचा ब्लाउज शिवला होता.

मला असा राग आला की विचारू नका. मी बावीस बायकांना सांगून बसले होते! मला फसवलंत, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, शादीत बाईनं रडायचं तर बिदाईला रडावं, ब्लाउज घालताना का? आणि मग, उभी राहा म्हणाले, परत माप घेतो.

छाती तीच. कमर पाऊण इंच कमी, तीही मी श्वास ओढला नसता तर अर्धाच असती. मग त्यांनी खांद्यावरून पुढे टेप सोडला आणि थांबले. पुन्हा सोडला. वहीकडे बघितलं.

"आगे की लंबाई आधा इंच बढ़ गई है," ते म्हणाले. "इसलिए ऊपर चढ़ता है. मेरा नाप गलत नहीं था, बेटी. तब तुम झुक के खड़ी थी. अभी सीधी खड़ी हो."

मी समोरच्या आरशात बघितलं. पदर एका खांद्यावर होता, नेहमीसारखा. तो पुन्हा तसा कधीपासून घ्यायला लागले ते मला आठवेना. संक्रांतीनंतर मी पोट लपवायला पदराबरोबर सगळी स्वतःच मिटून उभी राहत होते, हे घरात कुणाला दिसलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मला तर नाहीच. टेप धरणाऱ्या परक्या माणसाला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

"तब किसी ने कुछ बोला था क्या?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

सहा महिन्यांत मी काकूंच्या त्या 'कितवा गं'ची गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. त्यांना सांगितली. कापडाच्या ठाणांमध्ये उभी राहून, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कानावरचा खडू काढून ब्लाउजच्या खालच्या दुमडीवर एक रेघ मारली आणि आत दाबून ठेवलेलं कापड किती सोडता येईल ते बघू लागले. अर्धा इंच निघालं. मग त्यांनी वहीत माझं नवं माप लिहिलं, आणि या वेळी मी त्यांना प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायला लावला.