सागरगोट्याचं कुंपण

नागपूरची राजधानी गेली त्या साली, जंगलखात्यात कारकून असलेल्या माझ्या नवऱ्याची मुकुटबनला बदली झाली. माझं पहिलं बाळ तिथेच गेलं, तेरा दिवसांचं. त्या दिवसांत मला एकच सोबत होती, मागच्या घरातल्या मिस्त्रीच्या बायकोची. मिस्त्री पिठाच्या चक्क्या दुरुस्त करायचा. तिला मी भाभी म्हणायचे. रस्त्यानं माझ्याकडे यायचं तर मोटारस्टँड ओलांडावा लागायचा, आणि तिथून घरच्या सुनेनं जायचं नाही, असा तिच्या सासूचा दंडक होता. म्हणून भाभी दुपारी परसातून सरळ माझ्या चुलीपाशी यायची आणि नुसती बसायची. मला तेवढं पुरायचं.

तिची शेळीही त्याच वाटेनं यायची. बाळ गेल्यावर मी गुलाबाची सात रोपं लावली होती. एका दुपारी शेळीनं सातही फस्त केली आणि माझं डोकं फिरलं. भाभी समोर उभी होती. मी म्हटलं, "या वाटेनं कोणीच येऊ नये असं कुंपण घालते आता." राग शेळीचा होता, काढला तिच्यावर.

वाळक्या बोरकाट्यांचं कुंपण दरवर्षी होळीत जायचं, म्हणून मला जितं कुंपण हवं होतं. नवरा म्हणाला, निवडुंग लाव, फुकटचा आहे. मला तो मसणातला वाटायचा. घायपाताच्या फटीतून शेळी आरामात आली असती. शेवटी बाहेरून आकडेबाज काट्यांचा सागरगोटा आणि आतून शोभेला राणी रंगाची बोगनवेल ठरवली. बोगनवेलीच्या काड्या बाभुळगावच्या माहेराहून ओल्या गोणपाटात आणल्या. झाडं निवडताना मी फार अक्कल चालवली.

सागरगोट्याचं बी दगडासारखं असतं, घासल्याशिवाय लवकर रुजत नाही. भाभीनंच ते पदरात बांधून नेलं आणि मिस्त्रीच्या कानशीनं घासून आणून दिलं. "आता उगतीन," म्हणाली. लावताना मी वाट सोडली नाही. वाट सोडली तर शेळी शिरेल, आणि भाभी काय, रस्त्यानं येईल. मोटारस्टँड मला आठवला नाही, असं आजवर सांगत आले. आठवला होता.

दोन पावसाळ्यांत कुंपण डोक्यावर गेलं. येणारेजाणारे थांबून बघायचे, रेंजरच्या बायकोनं काड्या मागून नेल्या. दुपारी मी एकटी असायचे. पलीकडून भाभीच्या बांगड्या ऐकू यायच्या. एकदा मीच रस्त्यानं तिच्याकडे गेले, तर सासू दारातच म्हणाली, "कुंपण तुमीच घातलं ना? मंग आता कायले आल्या?"

दुसऱ्या खेपेला चौथ्या महिन्यातच पोट पडलं. उठता आलं त्या दिवशी मी कोयता घेऊन वाट पाडायला गेले. एक फांदी तोडली की तिथे चार फुटायच्या. छाटल्यानं कुंपण दाट होतं हे मला ठाऊक होतं, तरी तीन वर्षं तोडत राहिले. आमची बदली झाली त्या आठवड्यातही तोडत होते, कोपरापर्यंत ओरखडे घेऊन. पानांआडून भाभीचा आवाज आला.

"राहू द्या बाई. काटे रुततीन तुमाले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत काढता आली असती.