पोस्टरची खालची ओळ

झेरॉक्सबाईंनी आयुष्यात कोरं पान कधी उघडलं नाही. म्हणजे कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक काहीही मागो, नोकरीचा अर्ज, दुकानाची पाटी, सत्तरीचं निमंत्रण किंवा श्रद्धांजली, बाई आधीचं तसलंच एखादं काम उघडायच्या, नाव बदलायच्या, फोटो बदलायच्या, तारीख बदलायच्या आणि पाच मिनिटांत कागद बाहेर. "जगात नवीन काही घडत नाही हो," चष्म्यावरून बघत त्या म्हणायच्या, "नुसती नावं बदलतात."

एकदा एका आजोबांच्या सत्तरीच्या निमंत्रणावर "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो" ही ओळ तशीच राहिली होती. आजोबा खमके निघाले. ते निमंत्रण त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलं. पण बाईंनी तेव्हापासून कानाला खडा लावला. छापण्याआधी एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, वाचायला लावायची आणि कोपऱ्यात "बरोबर" लिहून त्याची सही घ्यायची. एकदा सही झाली की पुढची चूक गिऱ्हाइकाची.

दुकान म्हणजे मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोरची जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून बाई तीस वर्षं बसूनच होत्या. आधी टाइपरायटरसमोर आणि मग कॉम्प्युटरसमोर. दाराशी त्यांचा नवरा कागद कापत बसे. ट्रकवरची नोकरी संपल्यावर तो इथे येऊन बसला तो बसलाच. सगळे त्याला "मालक" म्हणत, कारण दुकानात त्याचं काडीचंही चालत नसे.

बाईंच्या कॉम्प्युटरवर "हरवले" नावाचा एक कप्पा होता. वर्षाकाठी त्यात एखाददुसरं काम पडे. कुणाचे वडील विसरभोळे, कुणाचा कुत्रा. त्या वर्षी मात्र मुलं पडायला लागली. चौदा, पंधरा, सोळा वर्षांची. फेब्रुवारीत दोन, मार्चमध्ये तीन. पोलीस म्हणत, या वयात पोरं जातात आणि परत येतात. काही आली. जी आली नाहीत त्यांची पोस्टरं उन्हाने पिवळी पडली आणि त्यांच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. बाईंना ते चेहरे पाठ झाले होते. संध्याकाळी घरी जाताना त्या खांबांकडे बघायच्याच नाहीत.

मग समोरच्या हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांची मुलगी हरवली आणि शहराला अचानक दिसायला लागलं.

पाच हजार पोस्टरं! मशीन दोनदा बंद पडलं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या, शाळांनी मोर्चा काढला, रिक्षाच्या पाठीवर तिचा फोटो, दुधाच्या दुकानात तिचा फोटो. डॉक्टरांनी खास एक नवा नंबर घेतला होता, शेवटी चार सत्ते, म्हणजे कुणालाही सहज लक्षात राहावा. आठवडाभर सगळं शहर त्या मुलीचा बाप झालं होतं. सहाव्या दिवशी ती मैत्रिणीच्या रिकाम्या घरात सापडली. परीक्षेत नापास झाली होती आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. सापडली ते फार बरं झालं, त्यात वाद नाही. पण शहराने लगेच हात झटकले, जणू हरवलेली सगळीच पोरं सापडली.

त्यानंतर दोनच दिवसांनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करणारी एक बाई जिन्याखाली वाकून आली. तिची पंधरा वर्षांची मुलगी शाळेतून घरी आली नव्हती. फोटो एकच होता, वर्गाचा. त्यातून मुलीचा चेहरा कापून घेतला, तर कडेला दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा गाल येत राहिला.

"पोलीस काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, कुणाबरोबर तरी गेली असेल. येईल." तिने ओठ घट्ट मिटले. "माझी पोर तसली नाही, बाई. आणि असली तरी परत यायला नको का?"

 असल्या कामाला उत्तमातलं उत्तम पोस्टर पाहिजे म्हणून बाईंनी डॉक्टरांच्या मुलीचंच काम उघडलं. ठळक लाल अक्षरं, मोठा फोटो. नाव बदललं, वय बदललं, गणवेशाचा रंग बदलला, कपाळावरची खूण घातली. प्रत काढून आईच्या हातात दिली. आईने त्यातला चेहरा पाहिला आणि दुसरं काही पाहिलं नाही. कागदावरून बोट फिरवत ती म्हणाली, "हीच माझी," आणि तिने सही केली. मालकांनी दोनशे प्रती कापल्या. पैशांचं नाव बाईंनी काढू दिलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली. या नऊ दिवसांत तिचा चेहरा निम्मा झाला होता.

"आणखी छापता का? लोकांनी पाहिलेच नाहीत बहुतेक. एकही फोन नाही." तिने ब्लाउजमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढून दाखवला. "मशीनच्या आवाजात ऐकू यायचं नाही, म्हणून अंगाशी धरते. वाजला तर थरथरेल तरी. डॉक्टरांना म्हणे दिवसाला शंभर फोन यायचे, त्यातले नव्वद खोटे. मला खोटासुद्धा नाही आला."

"येईल गं," असं म्हणत बाईंनी ते काम उघडलं. नाव बरोबर होतं. वय बरोबर, खूण बरोबर. नजर खालच्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. चार सत्ते.

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे वळवला. 

"मशीन तापायला वेळ लागेल," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू कामावर जा. मी घेऊन येते."

ती गेल्यावर मालक उठले, पडद्यापाशी आले, बघितलं आणि त्यांनाही कळलं.  मग त्यांनी खण उघडून सहीची प्रत काढली.

"हे बघ. सही आहे तिची. नंबर बदल, नवे छाप, विषय संपव. कुणाला कळतंय?"

"अहो, मला कळलंय ना!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की रस्त्यावरचा माणूस थांबला. सहीचा कागद त्यांनी हिसकावून फाडला. त्यांना स्वतःची किळस आली होती. ती सही त्यांनी इतकी वर्षं स्वतःला वाचवण्यासाठीच तर घेतली होती.

त्यांनी चप्पल घातली आणि भर उन्हात डॉक्टरांच्या घरी चालत गेल्या. दार डॉक्टरांच्या बायकोने उघडलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी मुलगी फोनवर मोठ्याने हसत होती. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं.

"ती आली त्याच रात्री तो फोन आम्ही बंद केला," डॉक्टरांची बायको हळूच म्हणाली. "आमची आली ना, म्हणून मग..."  आत जाऊन तिने खणातून फोन आणला आणि चार्जरला लावला. दोघी उभ्याच राहिल्या.

फोन सुरू झाला. एक मिनिट काहीच झालं नाही आणि बाईंना वाटलं, सुटले. मग तो टेबलावर थरथरू लागला. पाच निरोप. पाचही एकाच नंबरवरून, गेल्या गुरुवारचे, दुपारी चार ते पाचच्या दरम्यानचे. आजचा मंगळवार होता.

बाईंनी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे लांब पल्ल्याच्या बसस्टँडवरचा तिकीट देणारा माणूस होता.

"किती वेळा फोन केला मी!" तो म्हणाला. "पोलिसांनाही केला. ते म्हणाले, पोस्टरवरच्या नंबरला कळवा. मग मला वाटलं, फोन बंद आहे म्हणजे पोर सापडली असेल. सापडली ना हो?"

बाईंनी फोन बंद केला आणि तो तसाच हातात घेऊन हॉस्पिटलकडे निघाल्या.

धुलाईखाना हॉस्पिटलच्या तळघरात होता. वाफेने चष्मा धूसर झाला, तो पदराने पुसत बाई मशिनांच्या रांगेतून गेल्या. मुलीची आई शेवटच्या मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढत होती. बाईंना पाहून तिने हात पुसले, कारण पोस्टरं ओली व्हायला नकोत.

"पोस्टरं नाही आणली," बाई म्हणाल्या. "चूक झाली माझ्याकडून. पोस्टरवर नंबर डॉक्टरांचा राहिला. तुझा नव्हता. त्या नंबरवर निरोप आले होते." आवाजात ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा मोठ्याने सांगितलं.

बाईंना वाटलं होतं ती किंचाळेल, अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे कुणीतरी पाहिलं तिला? जिवंत आहे माझी पोर? वाचा, वाचा ना!"

बाईंनी वाचलं. "'पोस्टरवरची मुलगी बसस्टँडवर माझ्या खिडकीसमोर बसली आहे. लगेच फोन करा.'"

"बसली होती," ती स्वतःशीच म्हणाली.

"'तुमचा फोन बंद लागतोय.'" बाईंनी पुढचा निरोप उघडला. "'तिच्यासोबत एक माणूस आहे. मुलगी काही बोलत नाही. तो सांगतो, मी तिचा मामा.'"

"मला भाऊच नाही," ती म्हणाली.

मशीन गरगरत होतं. "पुढे," ती म्हणाली.

"'बंदराच्या गाडीची दोन तिकिटं मागतोय. सुट्टे नाहीत म्हणून थांबवून धरलंय. फोन करा.'"

बाईंना आणखी वाचवेना. तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि शेवटचा निरोप स्वतः वाचला. तो दोनच शब्दांचा होता: गाडी सुटली. तिने तो पुन्हा वाचला, वरची तारीखही वाचली. मग एप्रनची गाठ सोडत तिने विचारलं, "बंदराची गाडी आता किती वाजता आहे?"