पाच हजारावी खुंटी

तात्यांना माणसांची नावे लक्षात राहत नसत, सरासरी राहत असे. माझे नवे लग्न झाले होते तेव्हाची गोष्ट. लोणावळ्याच्या बाजारात ते समोरून आले. मी बायकोची ओळख करून दिली. ते तिला गंभीरपणे म्हणाले, "यांची गेल्या वर्षी तीन पूर्णांक नऊ होती. आता चार पूर्णांक दोन आहे. काळजीचे कारण नाही." आणि छत्री सावरत निघून गेले. मला काहीतरी जुना आजार आहे आणि तो आमच्या घरच्यांनी लग्नात लपवला, अशी बायकोची पुढे आठवडाभर समजूत होती.

आकडा होता खुंट्यांचा. रेल्वेच्या साहेबलोकांच्या क्लबात लाकडी फळ्यांवरून चेंडू सोडून नऊ खुंट्या पाडायचा खेळ चाले. तिथे आम्हाला मज्जाव, म्हणून आमच्या लोकांनी चाळीमागच्या रिकाम्या शेडमध्ये स्वतःची फळी घातली. खुंट्या जुन्या सागवानाच्या, चेंडू शिसवी. तीन चेंडूंचा एक डाव. माल ऑफिस, स्टेशन, इंजिनशेड आणि रुळांची गँग असे चार संघ दर रविवारी सकाळी खेळत. तात्या आमच्या माल ऑफिसातले थोरले कारकून. सगळ्या सामन्यांची नोंद तेच ठेवत. कोणी त्यांना ते काम दिल्याचे कोणाला आठवत नव्हते.

स्वतः तात्या फार वाईट खेळत. चेंडू सोडताना डोळे मिटायची त्यांना सवय होती. डोळे उघडले की खुंट्या जागच्या जागी उभ्या दिसत, आणि ते शांतपणे खिशातून पेन्सिल काढून स्वतःच्या नावापुढे भोपळा मांडत. चारही संघांत सर्वांत कमी सरासरी कोणाची, हे दर दिवाळीत ते स्वतःच वाचून दाखवत. आवाजात खंत नसे. उलट हिशेब चोख असल्याचे समाधान असे.

टप्प्यांचा त्यांना भारी सोस. कोणाची पाचशेवी खुंटी पडली, हजारावी पडली, की खेळ थांबवून ते उभे राहत आणि जाहीर करत. ज्यांची हजाराकडे जाण्याची आशा नव्हती त्यांच्यासाठीही ते काहीतरी शोधून काढत. इंजिनशेडमधल्या एका फायरमनला त्यांनी 'डाव्या हाताने पन्नास' म्हणून गौरवले. त्या बिचाऱ्याचा उजवा हात तेव्हा भाजलेला होता. मला त्यांनी 'सलग सात रविवार सारखाच आकडा' याबद्दल उभे केले. हा गौरव की थट्टा हे मला अजून कळलेले नाही.

या सगळ्यांत मोठा आकडा दगडूभाऊंचा. भाऊ गँगचे मुकादम, लोहगडवाडीचे. घाटात रूळ सांभाळून खांदे पिंपासारखे झालेले. त्यांचा चेंडू गेला की खुंट्या पडत नसत, उडत. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, अगदी शेवटच्या चेंडूवर, त्यांची बरोबर पाच हजारावी खुंटी पडली. तात्यांनी ती उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि भाऊंच्या हातात दिली. मग भाषण केले. भाषणात नुसते आकडे होते, तरी दोघेतिघे रडले.

भाऊ गावी गेल्यावर तात्यांनी सगळ्या जुन्या वह्या नव्याने उतरवायला घेतल्या. एके दिवशी ऑफिसात एक वही उघडी धरून ते माझ्या टेबलाशी आले. दोन वर्षांपूर्वी तापाने ते पडून असताना एका रविवारी नोंद मी ठेवली होती. भाऊंच्या नावापुढचा आठ गिरवून मी नऊ केला होता. तात्यांनी एवढेच विचारले, की हे अक्षर तुमचे ना. सुरुवातीला चूक झाली आणि मग दुरुस्त केली, असे मी सांगू शकलो असतो. पण त्यांचा चेहरा पाहून खरे सांगितले. नववी खुंटी फळीला टेकून राहिली होती, चेंडू थांबल्यावर कितीतरी वेळाने पडली, म्हणजे नियमाने मोजायची नव्हती. भाऊ माझ्याकडे बघत होते. मी धरली.

तात्या खुर्चीत बसले. "म्हणजे चार हजार नऊशे नव्याण्णव," ते म्हणाले.

रविवारी आम्ही दोघे मळवलीला उतरून भाजे गावावरून लोहगडवाडीचा चढ चढलो. तात्यांच्या पिशवीत काय आहे ते मला वर पोचल्यावर कळले. तो शिसवी चेंडू होता. भाऊंच्या घरात ती खुंटी देवांशेजारी उभी होती आणि भाऊंच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, तिला हळदकुंकू लावले होते. साऱ्या वाडीने ती येऊन पाहिली होती. तात्यांनी चहाला हात न लावता सगळे सांगून टाकले, माझे नाव मात्र घेतले नाही. ते मी घेतले.

भाऊंनी देवांशेजारच्या खुंटीकडे पाहिले. मग म्हणाले, "तात्या, हितं कुनाला कळनार हुतं?"

"मला कळलं," तात्या म्हणाले.

भाऊ उठले. मावशींचा विरोध न जुमानता त्यांनी खुंटी आणून खळ्यात उभी केली आणि राहिलेली एक पाडायला चेंडू मागितला. तीन टाकले, तिन्ही बाजूने गेले. ते म्हणाले, "सवय मोडली. फुडल्या ऐतवारी या."

पुढल्या रविवारी तात्या गेले. त्याच्या पुढल्याही गेले. वर्षभर हे चालले. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती, रविवारी खेळ संपल्यावर त्यांची वाट पाहणारे घरी कोणी नव्हते. आता ते सकाळच्या सामन्याची नोंद दुसऱ्यावर सोपवून पहिली गाडी पकडत, जेवून संध्याकाळी परतत. कधीमधी मीही जाई. एकदा अंगणातल्या आंब्यावर वानर आले. भाऊंनी बसल्या जागेवरून खडा मारला, तो बरोबर त्याच्या बुडाखालच्या फांदीवर लागला. मग हात झटकून त्यांनी तीन चेंडू टाकले. तिन्ही खुंटीपासून हातभर लांबून गेले. तात्यांनी तीन भोपळे मांडले आणि आम्ही पिठलंभाकरी खायला बसलो.

मग तात्यांची मनमाडला बदली झाली. शेवटच्या रविवारी जेवणे झाल्यावर त्यांनी ते भाऊंना सांगितले. भाऊ म्हणाले, "लय लांब हाय." मग खुंटी मांडली, चेंडू घेतला आणि फारसे न बघता सोडला. खुंटी पार गोठ्यापर्यंत उडाली. तात्यांनी नोंद केली, तारीख घातली, आणि भाऊंची सही घेतली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी खुंटी धुवायला आत घेऊन गेल्या.

मळवलीला गाडीला अवकाश होता. तात्या वही मांडीवर घेऊन बसले होते.

"वर्षभरातले भोपळे तसेच ठेवणार आहे," ते म्हणाले.

"पण तात्या, भाऊ मुद्दाम..."

"ठाऊक आहे मला. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं." त्यांनी वही मिटली. "कारणाचा रकाना नाही वहीत."

गाडी येईपर्यंत ते लोहगडाकडे पाठ करून बसले होते.